मुक्त स्रोत चळवळ व आज्ञावलीकारांचे जीवन

मुक्त स्रोत चळवळ : माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या संगणक आज्ञावलीच्या मूळ पाठास स्रोत संहिता म्हणतात. ही संहिता पाहण्याचा, अभ्यासण्याचा, तीत बदल करण्याचा आणि ती मूळ वा सुधारित रूपात दुसऱ्यास देण्याचा अधिकार ज्या परवान्याने वापरणाऱ्यास मिळतो, त्या परवान्याखालील आज्ञावलीस मुक्त आज्ञावली किंवा मुक्त स्रोत आज्ञावली अशी संज्ञा आहे. अशा आज्ञावल्या परस्परसहकार्याने लिहिणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि त्यांचा पुरस्कार करणाऱ्या लोकांची चळवळ विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत उभी राहिली. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे या कल्पनेविषयी बराच गोंधळ माजला. मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्याने भेद सहज स्पष्ट होतो. मुक्त आज्ञावली पैसे घेऊनही देता येते; मात्र ती घेणाऱ्याचे वरील अधिकार काढून घेता येत नाहीत.

पार्श्वभूमी : संगणकाच्या आरंभकाळात आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू मानली जात नसे. यंत्र फार महाग असे आणि आज्ञावली त्याबरोबर येई. ग्रेस हॉपर यांच्या गटाने युनिव्हॅक संगणकासाठी तयार केलेला ए-२ हा संकलक १९५३ मध्ये ग्राहकांना स्रोत संहितेसह देण्यात आला आणि त्यात केलेल्या सुधारणा परत पाठवाव्यात, असे त्यांना सुचविण्यात आले. आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ ही संघटना स्थापून आपापल्या आज्ञावल्यांची देवाणघेवाण सुरू केली.

या देवाणघेवाणीला जीवनपद्धतीचे रूप आले ते अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत. तेथील प्रतिकृती-रेल्वेचा छंद असणाऱ्या विद्यार्थी मंडळातील काही तरुण १९५०–६० या दशकाच्या अखेरीस टीएक्स-० व पुढे पीडीपी-१ या संगणकांकडे वळले. दिवसा यंत्र संशोधकांच्या ताब्यात असल्याने ते रात्री काम करीत. १९६२ मध्ये पीडीपी-१ वर तयार झालेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ त्यांपैकी कोणाच्याही मालकीचा नव्हता. जो बसे तो त्यात भर घाली. पुढे तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने बनविलेल्या परिचालन प्रणालीत सुरुवातीस परवलीचा शब्दही नव्हता. यंत्राशी कौशल्याने व खेळकरपणे झुंजणाऱ्या अशा माणसास ते ‘हॅकर’ म्हणत. या शब्दाला घुसखोराचा अर्थ नंतर चिकटला. मूळ अर्थ गौरवाचा होता.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीचा प्रसारही याच वृत्तीस पोषक ठरला. १९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे बेल प्रयोगशाळेच्या मालक कंपनीस संगणकाच्या व्यापारात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्सची संहिता विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळू लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी तीत इतकी भर घातली, की तिची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली.

बंदिस्तपणाची सुरुवात : आयबीएमने १९६९ मध्ये यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले. छोटे संगणक आल्यावर हा प्रश्न घराघरांत पोहोचला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या होमब्रू संगणक मंडळाचे सदस्य आज्ञावल्यांच्या प्रती सर्रास वाटीत. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. आज्ञावली लिहिण्यास श्रम व पैसा लागतो आणि मोबदला न देता तिची प्रत घेणे ही चोरी होय, असा त्याचा आशय होता. १९८० मध्ये अमेरिकेच्या लेखाधिकार कायद्यात संगणक आज्ञावलीचा स्पष्ट समावेश झाला. यानंतर कंपन्या ग्राहकांना केवळ यंत्रभाषेतील, म्हणजे माणसाला वाचता न येणारे रूप देऊ लागल्या. गेट्स यांनी उपस्थित केलेला श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र खरा होता आणि चळवळीला तो पुढे स्वतःच्या घरातच भेटला.

ग्नू प्रकल्प : एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९७१ पासून काम करणारे रिचर्ड स्टॉलमन (जन्म १६ मार्च १९५३) यांना हा बदल सोसवला नाही. प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून मिळालेल्या लेसर मुद्रकात कागद वारंवार अडके. जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत त्यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकल्याची सूचना वापरणाऱ्यास मिळावी. नव्या मुद्रकाची संहिता त्यांना पाहावयास मिळेना. ज्याच्याकडे ती होती त्या संशोधकाने गुप्ततेचा करार केल्यामुळे ती देण्यास नकार दिला. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन देणे हे नैतिक दृष्ट्या चूक आहे, असा निष्कर्ष स्टॉलमन यांनी यातून काढला.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी युनिक्सशी सुसंगत, पण पूर्णतः मुक्त अशा ‘ग्नू’ प्रणालीची घोषणा केली. आपल्या कामावर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. ईमॅक्स हा संपादक आणि जीसीसी हा संकलक (१९८७) ही या प्रकल्पाची महत्त्वाची फळे होत. तथापि त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य म्हणजे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला जीपीएल हा परवाना. लेखाधिकार कायदा सामान्यतः प्रत काढण्यास मज्जाव करण्यासाठी वापरतात. या परवान्याने तोच कायदा उलट्या दिशेने वापरला. आज्ञावली बदलून दुसऱ्यास देणाऱ्याने आपले बदलही त्याच अटींवर खुले केले पाहिजेत, असे बंधन त्याने घातले. मुक्ततेचे रक्षण बंधनाने करणारी ही युक्ती चळवळीचा कणा ठरली.

लिनक्स : ग्नू प्रकल्पात जवळजवळ सर्व अवयव तयार झाले, परंतु प्रणालीचा गाभा अपुरा राहिला. ती उणीव फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने भरून काढली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण केवळ हौसेखातर एक छोटी परिचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेली पहिली आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती. १९९२ मध्ये त्यांनी ती जीपीएल परवान्याखाली आणली आणि मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा ओळींची संख्या १,७६,००० च्या वर गेली होती. कधीही न भेटलेली माणसे केवळ इंटरनेटवरून संवाद साधून इतकी गुंतागुंतीची रचना उभारू शकतात, हे यातून प्रथमच सिद्ध झाले. गाभा, ग्नूची साधने व इतर आज्ञावल्या यांची जुळणी करून देणारे संचही निघाले. त्यांपैकी इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा संच विशेष उल्लेखनीय होय. १९९७ मध्ये त्याने ‘सामाजिक करार’ स्वीकारला. त्याचे नेतृत्व सदस्यांच्या मतदानाने दरवर्षी निवडले जाते.

वर्ल्ड वाइड वेब व तिचे रचनाकार : टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडलेली वेबची कल्पना ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने सार्वजनिक मालकीची केली. वेबच्या वाढीत या निर्णयाचा वाटा मोठा आहे. कोणत्याही पृष्ठामागील संहिता वाचकाला उघडून पाहता येई. त्यामुळे संकेतस्थळे बनविणाऱ्यांची पहिली पिढी विद्यालयात नव्हे, तर दुसऱ्याचे काम पाहून, उतरवून व मोडून-जोडून शिकली.

पृष्ठे पुरविणाऱ्या एका जुन्या आज्ञावलीचा मूळ लेखक अन्यत्र गेल्यावर तिच्या वापरकर्त्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या. त्यातून १९९५ मध्ये अपाची ही आज्ञावली जन्मली आणि वर्षभरातच ती जगात सर्वाधिक वापरली जाऊ लागली. त्याच वर्षी पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल हा माहितीसंच व्यवस्थापक उपलब्ध झाले. लिनक्ससह ही साधने वापरून जुन्या, स्वस्त संगणकावरही संकेतस्थळ चालविता येऊ लागले. भांडवल नसलेल्या माणसाला या व्यवसायात शिरता आले, ते या साधनांमुळे.

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची संहिता खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅलिफोर्नियातील एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचविला. एरिक रेमंड व ब्रूस पेरेन्स यांनी त्याच वर्षी त्या नावाने संस्था स्थापली. उद्योगांना न बिचकविणारा शब्द हवा, हा त्यांचा हेतू होता. स्टॉलमन यांनी तो नाकारला. त्यांच्या मते प्रश्न कार्यक्षमतेचा नसून स्वातंत्र्याचा होता. दोन्ही पंथ बहुतेक वेळा एकच आज्ञावली लिहितात. मतभेद आहे तो ती का लिहावी याविषयी.

दैनंदिन जीवन : या क्षेत्रातील माणसाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास नीरस वाटेल. त्याचा फार थोडा वेळ नवी संहिता लिहिण्यात जातो. अधिक वेळ दुसऱ्याने लिहिलेली वाचण्यात, चुका शोधण्यात आणि त्यांविषयी पत्रव्यवहार करण्यात जातो. एखादा प्रकल्प चार खंडांत पसरलेला असतो. पुण्यातील सहकारी काम आवरतो, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सहकाऱ्याची सकाळही उजाडलेली नसते. म्हणून बोलण्यापेक्षा लिहिण्याला महत्त्व येते. दुरुस्ती पाठविणाऱ्याने ती का केली हे मोजक्या शब्दांत लिहावे, इतरांनी ती ओळीओळीने तपासावी आणि शेवटी देखभालकर्त्याने स्वीकारावी किंवा नाकारावी, अशी रीत आहे. लिनक्सच्या गाभ्यात २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती देणाऱ्याची नाममुद्रा असावी लागते. पदवी किंवा हुद्दा विचारला जात नाही. आजवरचे काम हीच ओळख.

या पद्धतीचे मुख्य साधन म्हणजे गिट. लिनक्सच्या कामासाठी वापरले जाणारे एक व्यापारी साधन विनामूल्य मिळेनासे झाले, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते काही दिवसांत लिहिले. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची वही ते राखते. गिटवर आधारलेल्या गिटहब या सेवेने २००८ पासून ही वही जगापुढे मांडली. त्यामुळे नोकरी शोधणाऱ्या तरुणास आपले काम दाखविणे सुलभ झाले. परंतु सुटीच्या दिवशीही काहीतरी करून दाखविण्याचे दडपणही त्याच्यावर आले.

छंद, संकेत व मेळावे : या समाजाची स्वतःची लोकविद्या आहे. व्हीआय व ईमॅक्स या दोन्ही संपादकांचा उगम १९७६ चा. त्यांच्या चाहत्यांमधील लटके युद्ध अद्याप चालू आहे. संहितेत समास सोडताना कोणती कळ वापरावी, यावरही तेवढ्याच हिरिरीने वाद होतात. ‘ग्नू’ हे नाव स्वतःतच स्वतःचा उल्लेख करणारे आद्याक्षरनाम आहे. लिनक्सचे चिन्ह असलेला पेंग्विन लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये रेखाटला. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालेतील पात्रांची नावे देतात. संगणकाच्या झाकणावर आवडत्या प्रकल्पांची चिन्हे चिकटविणे, जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरात आणणे, घरातील विजेच्या दिव्यापासून हवामानाच्या नोंदीपर्यंत सर्व काही स्वतःच्या आज्ञावलीने चालविणे, हे त्यांचे सामान्य छंद होत.

एरवी पडद्यावरच भेटणारी ही माणसे मेळाव्यांत एकत्र येतात. ब्रुसेल्स येथे २००१ पासून हिवाळ्यात भरणारा फॉसडेम हा मेळावा सर्वांना विनामूल्य खुला असतो. डेबियनच्या सदस्यांमध्ये एकमेकांची ओळखपत्रे प्रत्यक्ष पाहून परस्परांच्या सांकेतिक किल्ल्यांवर साक्ष देण्याचा प्रघात आहे. विश्वासाचे जाळे असे हातोहात विणले जाते.

हा समाज सर्वांना सारखाच खुला राहिला, असे मात्र म्हणता येत नाही. त्यात स्त्रियांचे प्रमाण फार कमी राहिले आणि चर्चेतील उद्धट भाषा दीर्घकाळ प्रांजळपणाच्या नावाखाली खपवून घेतली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या अशा वर्तनाबद्दल क्षमा मागून काही काळ काम थांबविले आणि लिनक्सच्या गाभ्यासाठी नवी आचारसंहिता स्वीकारण्यात आली. नवागतांना मानधनासह प्रशिक्षण देणारे आउटरीची आणि विद्यार्थ्यांसाठी गूगलने २००५ मध्ये सुरू केलेली उन्हाळी योजना यांसारख्या उपक्रमांनी दार काहीसे रुंद केले.

अर्थकारण व देखभालीचा प्रश्न : प्रारंभी ज्या उद्योगांनी मुक्त आज्ञावलीस विरोध केला, तेच पुढे तिचे मोठे आश्रयदाते झाले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब ७५० कोटी डॉलरला घेतले. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर आधारलेली कंपनी सुमारे ३,४०० कोटी डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. लिनक्सच्या गाभ्यावरील बहुतेक काम आता पगारी अभियंते करतात.

परंतु हा पैसा सर्वत्र सारखा झिरपला नाही. मोठ्या इमारतीच्या पायातील एखादा लहानसा दगड कोणीतरी एकटाच सांभाळीत असतो, याची जाणीव जगाला अपघातांनीच होत गेली. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघड झाला. बँकांपासून रुग्णालयांपर्यंत असंख्य संकेतस्थळांचे गुप्त दळणवळण तिच्यावर अवलंबून होते. तिच्या प्रकल्पास मिळणाऱ्या देणग्या मात्र वर्षाला सुमारे २,००० डॉलर इतक्याच होत्या. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाविषयीच्या वादातून आपली अवघ्या ११ ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ ही उपआज्ञावली मागे घेतली आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे काम काही तास अडले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या आज्ञावलीत गंभीर दोष आढळला, तेव्हा तिचे देखभालकर्ते मुख्यतः फावल्या वेळात काम करणारे स्वयंसेवक होते.

मार्च २०२४ मधील घटना याहून बोलकी आहे. एक्सझेड ही माहितीचा आकार लहान करणारी आज्ञावली वर्षानुवर्षे एकच माणूस सांभाळीत होता. तो थकला असल्याचे त्याने स्वतःच लिहिले होते. काम मंद चालल्याबद्दल त्याच्यावर दबाव येत असताना एक मदतनीस पुढे आला, दोनएक वर्षे नेमाने काम करून त्याने विश्वास संपादन केला आणि मग संहितेत चोरवाट पेरली. दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती हुडकून काढली. संहिता खुली असल्यामुळेच त्याला मुळापर्यंत जाता आले. तथापि सद्भावावर चालणारी व्यवस्था एका माणसाच्या थकव्यातून कशी भेदली जाऊ शकते, हेही यातून दिसले.

देखभालीचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी आहेत. काही ठिकाणी प्रतिष्ठाने व देणग्या यांची व्यवस्था झाली. काही कंपन्यांनी आपल्या आज्ञावल्यांचे परवाने आकसून घेतले, उदा., मॉन्गोडीबी (२०१८) व रेडिस (२०२४). आपले काम मोठ्या सेवापुरवठादारांनी वापरावे व परत काही देऊ नये, ही त्यांची तक्रार होती. २०२१ पासून संहिता लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावल्या प्रचारात आल्या. खुल्या संहितेवर त्यांना शिकविताना मूळ लेखकांच्या परवान्यांचा मान राखला जातो का, हा वाद अमेरिकेत २०२२ मध्ये न्यायालयात गेला.

भारत व मराठी : भारतात या चळवळीची मुळे विशेषतः केरळात रुजली. जुलै २००१ मध्ये तिरुअनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे उद्‌घाटन झाले आणि पुढे त्या राज्यातील शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलीच्या वापराचे धोरण जाहीर केले. डेबियनची जागतिक परिषद २०२३ मध्ये कोची येथे भरली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. पुण्यात लिनक्सप्रेमींचे मंडळ व विद्यार्थ्यांचे मेळावे यांनी एक पिढी घडविली.

मराठीच्या दृष्टीने मुक्त संहितेचे महत्त्व केवळ खर्चाच्या बचतीत नाही. प्रत्येक टंकाचा संकेत निराळा असल्याने एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे, ही अडचण युनिकोडच्या प्रसाराने दूर होऊ लागली. तरी बारकावे शिल्लक होते. ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) आणि ‘दर्या’ (समुद्र) या शब्दांतील रकाराची रूपे वेगळी आहेत आणि हा भेद हिंदीत लागत नाही. ‘ल’ व ‘श’ या अक्षरांचे मराठी वळणही हिंदीहून भिन्न आहे. परक्या कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीत असा दोष आढळला, तर विनंती करून वाट पाहणे एवढेच हाती उरते. मुक्त आज्ञावलीत भाषा जाणणारा अभियंता तो स्वतः दुरुस्त करू शकतो. लोहितसारखे मुक्त टंक, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस यांची मराठी रूपे आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया यांमागे अशा अनेकांचे, बहुधा अनामिक, श्रम आहेत. आज्ञा, सूचना व पर्याय यांसाठी मराठी शब्द कोणता घ्यावा, यावर संध्याकाळच्या संध्याकाळ घालविणारी ही मंडळी एका अर्थी परिभाषाकोशाचेच काम करीत आली आहेत.

मूल्यमापन : संहिता खुली ठेवल्यास ज्ञान वाढते आणि वापरणारा पराधीन राहत नाही, हे चळवळीचे प्रतिपादन चार दशकांच्या अनुभवाने बव्हंशी खरे ठरले आहे. खुलेपणाने श्रम मात्र आपोआप वाटले जात नाहीत, हेही त्याच अनुभवाने दाखविले. सार्वजनिक विहीर सर्वांची असली, तरी तिचा गाळ कोणाला तरी उपसावाच लागतो; तो उपसणाऱ्यांची दखल समाज कशी घेतो, यावर या चळवळीचे भवितव्य अवलंबून राहील.